हिरव्या डोक्याचे दोन नट

ओमानात इतकी वर्षं काढलीत, तर काय आठवतं, असं लोक विचारतात. समुद्र, किल्ले, खजूर असं काहीतरी सांगायला हवं असतं. मला आठवतो तो अल हैलमधला आमचा फ्लॅट, मध्यभागी खचलेला सोफा, आणि शुक्रवारच्या दुपारी त्या सोफ्यावर मांडी घालून बसलेले आम्ही दोन खुळे. खुळे हा शब्द माझ्या बायकोचा. इंग्रजीत आमच्यासारख्यांना गीक म्हणतात आणि तिकडे त्यांचं कौतुक असतं, असं मी तिला एकदा सांगून पाहिलं. "नाव काहीही ठेवा, खूळ ते खूळच," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

दुसरा खुळा म्हणजे खालच्या मजल्यावरचा माझा मित्र. मूळचा ठाण्याचा, कंप्युटरवाला. मी पुण्याचा, रुसैलच्या एका कारखान्यात पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंग काढायचो. दोघंही पस्तिशी ओलांडलेले, पोराबाळांचे बाप. पण कुणी यान म्हटलं, परग्रह म्हटलं, की आमचं वय धाडकन बारावर यायचं. सुट्टीवरून परतताना लोक लोणची-पापड आणतात. हा बाबा हातातल्या बॅगेत प्लॅस्टिकचं यान आणायचा आणि विमानतळावर बॅग उघडणाऱ्या माणसाला त्याचं इंजिन कुठे असतं ते समजावून सांगायचा. तो बिचारा 'यल्ला, यल्ला' करून ह्याला पुढे ढकलायचा.

दोन हजार अकराच्या सुमाराला ह्याने तो सिनेमा आणला. विलायतेतल्या लोकांनी काढलेला, विनोदी. आमच्यासारखेच दोन येडे गाडी घेऊन अमेरिकेच्या उजाड मुलखातून हिंडत असतात आणि त्यांना एक खराखुरा परग्रहावरचा प्राणी भेटतो. प्राणी गंभीर-बिंभीर अजिबात नाही, चांगला अघळपघळ, तोंडाळ, दोन मिनिटांत गळ्यात पडणारा. आणि त्याला घरी जायचं असतं. बास, एवढीच गोष्ट. आम्ही ती किती वेळा पाहिली त्याला गणती नाही. आमच्या खिडकीतून एका बाजूला समुद्राची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला नुसते उघडे तपकिरी डोंगर दिसायचे. त्या डोंगरात एखादं यान उतरलं असतं तर आम्हाला काही नवल वाटलं नसतं. आम्ही नुसते जाऊन त्याला चहा विचारला असता.

मग तिथल्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. दरवर्षी त्यात नाट्यगीतं, लावणी आणि एक बसस्टॉपवरचं प्रहसन असायचं. मित्र म्हणाला, "ह्या वर्षी आपण परग्रहवासी आणू. सिनेमा नाही, फक्त कल्पना. वाळवंटात सहलीला गेलेली दोन मराठी माणसं, एकाची मुलगी, आणि डोंगरामागून आलेला तो." मी रात्रीत लिहून काढलं. मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "मुलांना आवडेल." म्हणजे त्यांना आवडलेलं नव्हतं. पण होकार मिळाला.

दोन माणसं म्हणजे मी आणि मित्र, आणि मुलगी म्हणजे माझीच मुलगी, आठ वर्षांची. अडलं ते परग्रहवाशापाशी. मंडळातले सगळे हौशी नट येऊन वाचून गेले. एक बँकेतले गृहस्थ 'मी दूरच्या नक्षत्रातून आलो आहे' हे वाक्य असं म्हणाले, की आता तुतारी वाजणार असं वाटलं. दुसऱ्यांनी आवाज घोगरा काढला, तर माझी मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना थ्रोटला काही झालंय का?" आम्हाला हवा होता तो मोकळा, ऐसपैस, कुणालाही आपला म्हणणारा माणूस. तो काही सापडेना.

तो सापडला कारखान्यात. आमच्याकडे एक वेल्डर होता, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा मुसलमान, माझ्याच वयाचा. टाक्यांखालचे लोखंडी स्टँड बांधायचा. रुसैलमध्येच कंपनीच्या खोल्यांत सहाजणांत राहायचा. जेवणाच्या सुट्टीत हा माणूस डबा उघडून नकला सुरू करायचा. आमचा अर्बाब, म्हणजे कारखान्याचा ओमानी मालक, महिन्यातून एकदा फेरी मारताना 'इन्शाल्ला' हा एकच शब्द सात तऱ्हांनी म्हणायचा. होकार, नकार, बघू, निघ इथून, सगळं त्यातच. वेल्डर त्या साती तऱ्हा करून दाखवायचा आणि माणसं जेवताना ठसकायची. मी लांबून ऐकत होतो. एकदम डोक्यात आलं, अरे, हाच की!

त्याला विचारलं. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. "माला काय येतंय साहेब नाटकातला?" म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही जेवताना करता तेच करायचं. दोन दिवसांनी तो स्वतः माझ्या टेबलापाशी आला.

"करतू मी. पन येक हाय. शेवटाला डोका काढायचा. कॅमेऱ्यात माजा तोंड दिसला पायजे."

"का हो?"

"माज्या पोरीला बगायचा हाय."

मुलगी तीन महिन्यांची असताना तो इकडे आला होता. दोन वर्षांनी मिळायची सुट्टी काही ना काही कारणाने लांबत लांबत पोरगी तीन वर्षांची व्हायला आली होती. फोनवर समोरासमोर बघून बोलायची सोय तेव्हा ओमानात बंदच होती, आणि गावात बायकोपाशी फोन होता तोही साधा, बटणांचा. "पोरगी फोनाला अब्बा बोलते साहेब," तो हसत म्हणाला. "फोन वाजला का धावते, अब्बा वाजला, अब्बा वाजला करत." फोटो पाठवले होते. पण ती फोटोला म्हणायची 'बोल', आणि तो बोलत नाही म्हटल्यावर टाकून द्यायची. तोंड आणि आवाज एका जागी असलेला बाप तिने पाहिलाच नव्हता. कार्यक्रमाची सीडी निघते हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "शब्द दिला. शेवटी डोकं काढायचं."

डोकं त्याने स्वतःच बनवलं. आमच्या टाक्या फायबरच्या, तेव्हा सामान हाताशी होतं. आत वेल्डिंगचं जुनं हेल्मेट, त्यावर जाळी, जाळीवर फायबर, आणि वर टाक्यांना मारतात तो हिरवा रंग. ते खांद्यावरच्या एका पट्टीला बसवायचं आणि मागून मानेपाशी दोन चकचकीत नट आवळायचे. रबरी हातमोजे घातल्यावर त्याचे स्वतःचे हात काही तिथे पोचायचे नाहीत, दुसऱ्याने फिरवावे लागायचे. "आदी डावा, मग उजवा," त्याने मला दोनदा करून दाखवलं. "उलटा केलाव तर अडकल." मित्राला काय, कोटी करायला निमित्तच पाहिजे. "नाटकात नट मागेच ठेवलेत म्हणजे कमाल आहे!" वेल्डर हसला. पुढे तोही प्रत्येकाला, फोनवर घरीसुद्धा, नटांची ती कोटी ऐकवत सुटला.

पाच-सहा शुक्रवार आम्ही तालमी केल्या. जुम्म्याचा नमाज झाला की मी त्याला रुसैलहून गाडीत घालून अल हैलला आणायचो. वाटेत तो घरी फोन लावायचा. पलीकडून फोन पोरीच्या हातात गेला की ह्याचा आवाजच बदलायचा.

"काय गो बाय, जेवलीस काय?"

दरवेळी हेच पहिलं वाक्य. पोरगी काय बोलायची ते मला कळायचं नाही, त्यालाही निम्मं कळत नसावं. पण तो 'हां, हां, शाबास' करत राहायचा. आमच्या घरात शिरतानाही पहिला प्रश्न तोच असायचा, "वहिनी, जेवलाव काय?" बायकोला वाटायचं ह्याला भूक लागलीय. ती लगेच साबुदाण्याची खिचडी पुढे करायची आणि तोही नाही म्हणायचा नाही. खाता खाता तो माझ्या मुलीला पाठांतराला मदत करायचा. घरात ती आमच्याशी मराठी बोलायची खरी, पण अडखळत, एकेक शब्द शोधत. त्याच्याशी बोलताना मात्र तिला ते 'गो' फार आवडलं. शाळेच्या बसमध्ये मैत्रिणींना 'काय गो' करायला लागली. मैत्रिणी दिल्लीच्या आणि केरळच्या.

अडचण आली ती चिटणीस बाई तालीम बघायला आल्या तेव्हा. परग्रहवाशाचं मुख्य वाक्य होतं, 'माझं घर खूप लांब आहे.' तो म्हणायचा, "माजा घर लय लांब हाय." बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "आपल्या स्टेजवर 'माजा घर'? अहो, मुलं शुद्ध मराठी शिकावीत म्हणून तर मंडळ आहे." मी मान डोलावली. आता लाज वाटते, पण डोलावली. पुढचे दोन शुक्रवार मी त्या माणसाला 'माझं' म्हणायला शिकवत होतो. तो प्रामाणिकपणे 'माजं' म्हणायचा, मी 'झं, झं' करायचो, मुलगी मधल्यामध्ये हसून लोळायची. शेवटी तो म्हणाला, "साहेब, येक इचारू? तो वरना आलेला. त्याला पुन्याचा मराठी कसा येल?"

मी संहिता मिटून ठेवली. मित्र सोफ्यावरून पडायचा बाकी होता. 'माजा घर' राहिलं. बाईंना सांगायची जबाबदारी मित्राने घेतली आणि मग सांगितलंच नाही.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात, शुक्रवारी दुपारी चारला. वेल्डरच्या कंपनीची बस माणसांना बाजारहाटासाठी जवळच्या सीबच्या सूकला आणायची आणि साडेसहाला परत निघायची. आमचं नाटक सगळ्यात शेवटी, पाचला होतं, म्हणजे वेळच वेळ. पण स्वागत, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचे दोन शब्द. दोन शब्द कसले! आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते.

पडदा उघडला. मी आणि मित्र वाळवंटात नकाशावरून भांडलो. लोक हसले, पण सभ्यपणे. मग डोंगरामागून ते हिरवं डोकं आलं. पुढच्या रांगेतलं एक पोरगं किंचाळलं. ठरल्याप्रमाणे त्याने माझ्या मुलीकडे पाहून 'घाबरू नकोस' म्हणायचं होतं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला,

"काय गो बाय, जेवलीस काय?"

संहितेत हे नव्हतं. आणि माझी मुलगी, तीही संहिता विसरून, अगदी खरं खरं सांगून मोकळी झाली, "नाही ना, सकाळपासून!" सभागृह फुटलं. खरंच सांगतो, मंडळात इतका मोठा हशा मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. कोकणातली माणसं तर उभी राहिली. तिथून पुढे नाटक त्याचं झालं. 'माजा घर लय लांब हाय' म्हणाला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाचंच घर लांब होतं. चिटणीस बाईंनी पदर डोळ्याला लावलेला मी स्टेजवरून बघितला.

नाटक संपलं. टाळ्या थांबेनात. आम्ही वाकून नमस्कार केला. आता मी त्याच्या मागे जायचं, दोन नट फिरवायचे, डोकं वर उचलायचं. तेवढंच राहिलं होतं. तेवढ्यात निवेदकाने माईकवर माझं नाव घेतलं, "लेखकाने कृपया खाली यावं, पाहुणे पुष्पगुच्छ देत आहेत."

मी गेलो. टाळ्या माझ्यासाठी होत्या ना! पाहुणे हात हातात धरून बोलत होते. कल्पना कशी सुचली, आधी काही लिहिलंय का, त्यांच्या लहानपणीचं एक नाटक. मी फुलून गेलो होतो. मधेच मोठा हशा झाला म्हणून मान वळवली. स्टेजवर वेल्डर माझ्याकडे, म्हणजे सगळ्या सभागृहाकडेच, पाठ करून उभा होता. मान वाकवलेली. रबरी बोटाने तो मानेवरचे नट दाखवत होता. जरा थांबून परत वळून माझ्याकडे बघायचा, परत पाठ करायचा, परत बोटाने ठोकायचा. लोकांना वाटलं नाटक अजून चालूच आहे. हसून हसून मेले. मित्र मागे लाइटच्या बटणांपाशी गेला होता. मला कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी पाहुण्यांच्या खांद्यावरून त्याला हाताने खूण केली, एक मिनिट. पाहुणे लहानपणातून बाहेर येईनात. मग पडदा पडला.

मी आत पोचलो तेव्हा तो विंगेत खुर्चीवर बसला होता, डोकं तसंच. मी आधी डावा, मग उजवा नट काढला. आतला चेहरा घामाने निथळत होता, डोळे लाल झाले होते.

"कॅमेरा चालू हाय?" त्याने विचारलं.

"नाही हो. कॅमेरावाल्याने आवरलं."

"बरा," तो म्हणाला आणि हातमोजे काढायला लागला.

मी त्याला सूकपर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी पन्नास वेळा माफी मागितली असेल. पुढच्या शुक्रवारी वेगळं शूटिंग करू, माझ्या खर्चाने कॅमेरावाला बोलावतो, काय काय म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत होता. "ऱ्हाऊ दे साहेब, खलास. आवाज तरी हाय ना." बस सुटायला आली होती. तो धावत जाऊन चढला. पुढचा शुक्रवार आला तेव्हा त्याला ओव्हरटाइम होता, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मला काहीतरी होतं. मग सीडी तयार झाली आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून गेली.

तीन महिन्यांनी त्याला एकदाची सुट्टी मिळाली. दीड महिन्याने परत आला तो सरळ माझ्या टेबलापाशी, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन. वहिनींसाठी म्हणाला. मी विचारायला घाबरत होतो. पण तो खुर्ची ओढून बसला आणि स्वतःच सांगू लागला, नकला करत, जेवणाच्या सुट्टीत सांगायचा तसंच.

पोरगी ती सीडी रोज लावायला लावायची. हिरवं डोकं आलं, 'काय गो बाय' म्हणालं, की टीव्हीला जाऊन चिकटायची. हाच आवाज फोनातून यायचा. म्हणजे हाच अब्बा. तिला पटलं होतं. हा पेट्या घेऊन दारात उभा राहिला तर ती किंचाळत आईच्या मागे दडली. हा माणूस कोण? बायको म्हणाली, अगो, अब्बा हाय तुजा. पोरगी म्हणाली, नाय, अब्बा हिरवा हाय. दोन दिवस जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी ह्याने काय केलं, बायकोचा हिरवा दुपट्टा घेतला, स्वयंपाकघरातला टोप डोक्यावर उपडा घातला, वरून दुपट्टा गुंडाळला, आणि दारच्या ओट्यावर जाऊन मांडी घालून बसला. "काय गो बाय, जेवलीस काय?"

"आनि आली साहेब! धावत आली. मांडीवरच बसली."

मी हसत होतो. तोही हसत होता. मग त्याने आवाज खाली आणला.

"जरा बसली, आनि उठली. माज्या पाठी गेली. माला वाटला दुपट्टा वढते. नाय. मानेवर हात फिरवीत व्हती, हितं. काय तरी सोधीत व्हती. मी बोललो, काय गो? बोलली, नट कुठं?"

सीडीच्या शेवटी, टाळ्या आणि हशा चालू असताना, तो पाठ करून उभा होता ना. बोटाने दाखवत होता ना. तिने ते रोज पाहिलं होतं.

"मग दोन बोटांनी फिरवलान, असा असा. आदी डावा, मग उजवा. खोटा नाय सांगत. आनि टोप काढलान. माजा तोंड बगत ऱ्हायली. मग बोलली, निगाला!"

डावा आधी हे त्याने पदरचं घातलं असेल. घालू दे. मी वड्यांच्या डब्याचं झाकण उघडत बसलो, कारण वर बघायची माझी छाती नव्हती. अख्ख्या सभागृहात लोक पोट धरून हसत होते आणि तो माणूस 'मला उघडा' म्हणत होता, हे त्या दिवशी फक्त मला माहीत होतं. दहा सेकंदांचं काम होतं. मी केलं नाही. ते तिने केलं.